आणि एकजण

१

"दिसला नाही तिला अजून. दिसला असता तर इतकी हसली नसती."

तोमिए-सानचं हे वाक्य यामिनीसाठी नव्हतं. गावाच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात दोघी बायका मुळा किसत होत्या, आणि बाहेरच्या बोळात यामिनी एका पायावर उभी राहून बर्फातला बूट ओढत होती. बूट निघाला, मोजा आतच राहिला. तशीच, एक पाय अनवाणी, ती थांबली.

"मी हसायचे की," सासूबाईंचा आवाज आला. "दिसल्यानंतरसुद्धा."

"तुझं नको सांगूस, नोबुए. तू ओसाकाची. तुमची माणसं पुरात वाहून जाताना काठावरच्यांना विनोद सांगतील. मी हिचं म्हणतेय. हिवाळा संपत आला. दिसल्याशिवाय ती मोजणीत यायची नाही, आणि मोजणीत नाही आली तर टिकायची नाही. वसंतात दोघं योकोहामाला जातील आणि तू इथे एकटी मुळे किसत बसशील."

"बसेन. किसणी माझीच आहे. पण ढकलायचं नाही कुणाला. तुला कुणी ढकललं होतं का? आणि हळू बोल, बोळात कुणीतरी आहे."

यामिनीने दुसरा बूट मुद्दाम आपटून काढला आणि "काय ही थंडी" म्हणत आत गेली. दोघींनी तिच्याकडे बघून इतकं गोड हसून घेतलं की तिला आपल्या अनवाणी पायाची लाज वाटली.

योकोहामाचं खरं होतं. शूहेईशी लग्न होऊन ती शरद ऋतूत या गावात आली, तेव्हा तो घरी बसून योकोहामाच्या एका कंपनीची यंत्रं आखत असे. आता कंपनी म्हणत होती, एप्रिलपासून इथे येऊन बसा. शूहेईने निर्णय तिच्यावर सोडला होता. "मी इथलाच आहे, माझं मत धरू नकोस," असं म्हणाला होता तो, भांडी पुसता पुसता. आणि ती म्हणाली होती, "हंस गेले की सांगते."

गाजर चिरताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. जपानी वाक्यात कोण दिसलं, काय दिसलं, हे सांगायची सक्ती नसते. तो नाही, ती नाही, ते नाही. सात वर्षं या देशात काढूनही ती कान मराठीच घेऊन फिरायची, आणि त्या कानाने परस्पर 'दिसला' करून टाकलं होतं. तोमिए-सान नुसतं 'दिसणं' बोलल्या होत्या. त्यातला 'तो' यामिनीने स्वतःच घातला होता.

२

पाखरं मोजणारं मंडळ म्हणायला मंडळ, पण माणसं पाच. हिवाळ्यातल्या दर रविवारी, उजाडायच्या आत, गावाबाहेरच्या सुगे तळ्यावर जमायचं. रात्री तळ्यात झोपलेले हंस पहाटे कापलेल्या भातशेतांत चरायला उडतात, ते उडताना मोजायचे. मग सभागृहात येऊन डुकराच्या मांसाचं आणि मुळ्याचं गरम सार प्यायचं आणि पक्ष्यांची हजेरी घ्यायची.

हजेरी इगाराशी-सान घेत. ते गावचे न्हावी. वय झालं तरी दुकान चालू होतं, आणि बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर न राहता वर केसांवर जाई. पक्ष्यांची नावं त्यांना तोंडपाठ. ते एकेक नाव घेत, आणि ज्याने तो पक्षी पाहिला किंवा ऐकला असेल त्याने म्हणायचं, "हो."

"तलवार बदक."

"हो."

"पांडा बदक."

"हो," यामिनी सगळ्यांच्या आधी म्हणे. पांढऱ्या अंगाचं, डोळ्यांभोवती काळं, असं ते बदक पाण्यातून वर आलं की दर वेळी तिला हसू यायचं, जणू कुणीतरी चेहरा रंगवताना मध्येच उठून गेलं होतं.

"खाटीक."

"हो. माझ्याच पर्सिमनच्या झाडावर बेडूक टांगून गेलाय," तोमिए-सान म्हणाल्या. "भाडं देत नाही."

मोजताना मात्र यामिनीने सुरुवातीलाच नाव घालवलं होतं. पहिल्याच रविवारी तिने उत्साहाने बोट दाखवून सांगितलं होतं, "तिकडे तिघंजण बदकं." जपानीत पाखरं वेगळ्या शब्दाने मोजतात आणि माणसं वेगळ्या. तिच्या मराठीतसुद्धा बदकं तीन असतात आणि माणसं तिघं, तरी जीभ घसरलीच. इगाराशी-सान हसून हसून दुर्बीण पुसत बसले होते. तेव्हापासून तिला भेटलं की गावात कुणीही विचारायचं, "काय, आज किती जण बदकं?"

म्हणून हजेरीच्या शेवटी, सगळी नावं संपल्यावर, इगाराशी-सान थोडं थांबून जेव्हा म्हणत, "आणि एकजण," तेव्हा ती हसायची. आपल्या चुकीचीच ही टिंगल, दर रविवारी ठरलेली. तोही एक मान असतो.

"हो," तोमिए-सान म्हणत.

"हो," सासूबाई म्हणत.

"हो," शूहेई म्हणे, वाटीत बघत.

त्या दिवशीही ती हसली. पण या वेळी हसता हसता तिने इतरांकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. कुणी रागावलेलंही नव्हतं. स्टोव्हवरच्या किटलीचं झाकण वाजत होतं आणि चारही जण, देवळातून नुकती बाहेर आलेली माणसं असतात तसे, शांत बसले होते.

वाट्या आवरताना तिला आणखी एक आठवलं. सासूबाई वाट्या मांडताना दर वेळी एक जास्त मांडतात. माणसं पाच, वाट्या सहा. आणि दर वेळी यामिनी, सासूबाईंची चूक कुणाला दिसू नये म्हणून, ती सहावी वाटी गुपचूप उचलून फळीवर ठेवते.

कुणी तिला कधी अडवलं नव्हतं. इथे अडवत नाहीत.

३

शूहेईने लग्नात तिला जुनी, वापरलेली, पण लांब पल्ल्याची लेन्स दिली होती. मंगळसूत्रापेक्षा ती बरीच जड होती, आणि गळ्यात जास्त वेळ तीच असायची. थंडीत बॅटरी मरते म्हणून बॅटरी काखेत उबेला ठेवायची, घरात आल्यावर लेन्सला घाम फुटतो म्हणून आधी थंड ओसरीत टेकवायची. या सगळ्या खटपटी ती तान्ह्या बाळाच्या करतात तशा करायची. निफाडला तिचे वडील तिला नांदूरमध्यमेश्वरला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे, तेव्हा त्यांच्याकडे दुर्बीणही नव्हती. हातांची नळी करून पाहायचे दोघं.

दुपारी रजई लावलेल्या गरम टेबलाखाली पाय घालून ती फोटो बघत बसली. बाहेर बर्फ पडत होता. तळ्याकडून मागे राहिलेल्या हंसांचा आवाज येत होता, दूरच्या मांडवात पंगती उठताना येतो तसा, भरलेला आणि आनंदी. हा आवाज तिला इतका आवडू लागला होता की योकोहामाच्या घराचे फोटो शूहेईने दाखवले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला होता, "तिथे काय ऐकू येतं?"

फोटो छान आले होते. गोठलेल्या कडेवर हंस झोपलेले, चोची पंखांत, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. पाखरं वाऱ्याकडे तोंड करूनच बसतात. पाठीकडून वारा आला तर पिसं उलटी होऊन थंडी आत शिरते. वारा डावीकडून होता, म्हणून सगळे डावीकडे.

एक सोडून.

तो मागच्या रांगेत होता. बाकीच्यांच्या माना गुंडाळलेल्या, त्याची सरळ वर. आणि तोंड वाऱ्याकडे नव्हतं. लेन्सकडे होतं.

असेल एखादा जागा, तिला वाटलं. रांगेत एक तरी जागा असतोच. तिने मागच्या रविवारचे फोटो काढले. मग त्याच्या मागचे. वारा कधी डावीकडून, कधी उजवीकडून, हंस त्याप्रमाणे वळलेले. मागच्या रांगेतला तो एक मात्र दर वेळी तिच्याकडेच बघत होता.

"शूहेई, हे बघ ना."

तो आला, पाय रजईत घातले, पडद्यावर वाकला. मग म्हणाला, "प्रकाश छान पकडलायस."

"मागच्या रांगेत बघ."

"बघितलं."

"हा दर वेळी माझ्याकडे का बघतोय?"

शूहेईने हलक्या हाताने कॅमेऱ्याचा पडदा बंद केला, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढतात तसा. "फोटोत सापडलेला पक्षी हजेरीत धरत नाहीत, माहितीय ना तुला? डोळ्यांनी दिसला पाहिजे, नाहीतर ऐकू तरी आला पाहिजे."

"मी हजेरीचं नाही विचारत."

"माहितीय," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी संत्रं सोलू लागला. साल त्याने एका सलग पट्टीत काढली. इतकं लक्ष देऊन संत्रं सोलताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

४

यामिनी स्वभावाने गप्प, पण डोक्याने हट्टी होती. तिने कारणं मांडून पाहिली. शिकाऱ्यांनी ठेवलेला लाकडी हंस असेल. पण लाकडी हंस दर रविवारी जागा बदलत नाही. मान लचकलेला, आजारी हंस असेल. पण आजारी पाखरू तीन महिने त्या थंडीत टिकत नाही. लेन्स जुनी आहे, तिच्यातच काही दोष असेल. पण दोष असला तर एकाच पाखरात कसा?

शेवटी तिने ठरवलं, उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी उत्तरेच्या काठावरून बघायचं. वारा तेव्हा पाठीमागून येईल आणि सगळेच हंस तिच्याकडे तोंड करून असतील. मग तो वेगळा उरणारच नाही. हे गणित तिला फार आवडलं.

आठवड्यातल्या मधल्याच एका दिवशी तसा वारा सुटला, तेव्हा सकाळी सासूबाईंना "जरा जाऊन येते" सांगून ती एकटी उत्तरेच्या काठावर गेली. नुकतं उजाडलं होतं. झाडीतून बाहेर पडून तळं समोर आलं आणि ती जागच्या जागी हसायलाच लागली. शंभरावर हंस, सगळे तिच्याकडे बघत होते. पिवळ्या चोची, काळी टोकं, मध्ये मातकट पिल्लं, आणि सगळ्यांचा एकच गंभीर चेहरा, जणू उशिरा आलेल्या पाहुणीकडे अख्ख्या लग्नघराने वळून पाहावं. तिने वाकून नमस्कार केला, गंमत म्हणून. फोटो काढले. बोटं बधिर झाली तरी काढत राहिली. डोळ्यांना वेगळं काहीही दिसलं नाही. हंस, बर्फ, बोरू, प्रकाश. परतताना ती शाळेत शिकलेलं एक गाणं गुणगुणत होती.

घरी ओसरीत बसून, बूटही न काढता, तिने पडदा उघडला.

सगळे तिच्याकडे तोंड करून होते. मागच्या रांगेतला एक पाठमोरा होता.

तिने फोटो मोठा केला. पाठ पांढरी होती. मान लांब, खाली झुकलेली. तिने आणखी मोठा केला, आणि तिचं बोट थांबलं.

त्या पाठीला खांदे होते.

ओसरीच्या छपरावरून बर्फाचा एक लोंढा घसरून धप्पकन खाली पडला. यामिनीने तो फोटो पुसून टाकला, आत गेली, आणि शेगडीवर भाजून ठेवलेले, मोची नावाचे तांदळाचे तीन चिकट वडे उभ्याउभ्या खाल्ले.

५

"आई, तुम्हाला कधी दिसला?"

दोघी मागच्या अंगणातला बर्फ सारत होत्या. सासूबाई फावडं असं चालवत की बर्फाच्या विटा पडाव्यात. त्यांचा हात थांबला नाही.

"म्हणजे त्या दिवशी बोळात तूच होतीस."

"एक पाय अनवाणी होता माझा. पळून जाता येत नव्हतं."

सासूबाई हसल्या. "मला चौथ्या हिवाळ्यात. तोपर्यंत माझ्या बोलण्यावर सगळं गाव हसायचं. मासळीवाला मला दोनदा बोलायला लावायचा, मजा म्हणून. तुझं नुसतं मोजणं चुकतं, माझं तर सगळंच चुकायचं."

"काय आहे ते?"

"सांगितलं तर तुला माझं दिसेल. तुझं दिसणार नाही." त्यांनी एक वीट कुंपणाकडे भिरकावली. "शूहेईला विचारलंस?"

"तो संत्रं सोलत बसला."

"अगदी बापावर गेलाय."

यामिनीने फावड्यावर हनुवटी टेकली. "तुम्ही घाबरला होतात?"

"हो तर. आणि मग अशी भूक लागली म्हणून सांगू, चार वाट्या भात खाल्ला. सासरे बघतच राहिले."

बर्फ पडायचा थांबला होता. शेतांवरून हंसांची एक रांग खालून उडत गेली, इतकी खालून की पंखांची सळसळ ऐकू आली. दोघींनी माना वर केल्या आणि रांग दिसेनाशी होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. यामिनीचे ओठ आपोआप मोजत होते.

"दिसल्यावर जाता येत नाही का इथून?" तिने विचारलं.

"कोण म्हणालं? खुशाल जाता येतं. तोमिएची धाकटी बहीण तोक्योला गेली, मजेत आहे. नातवंडं आहेत." सासूबाईंनी हातमोजा दातांनी ओढून काढला, नाक पुसलं. "फक्त काहीही मोजलं की एक जास्त येतो, म्हणते. जिना चढताना पावलं. ताटं मांडताना ताटं. तिकडे तिच्या घरच्यांना वाटतं, हिचं वय झालं. इथे कुणाला काही वाटत नाही. सगळ्यांचाच एक जास्त येतो."

फळीवर ठेवलेल्या वाट्या यामिनीला आठवत होत्या.

"आणि दिसलंच नाही तर?" तिने विचारलं.

"तर नाही. त्यात कुणाचा दोष नसतो. योकोहामाही चांगलं आहे." सासूबाईंनी पुन्हा फावडं उचललं. पहिली वीट मात्र वेडीवाकडी पडली.

६

शेवटच्या रविवारी वारा बदलला होता. दोन-चार दिवसांत हंस उत्तरेला निघतील, इगाराशी-सान म्हणाले. ही वर्षाची शेवटची मोजणी. त्यांनी पहिल्यांदाच यामिनीच्या हातात मोजणीयंत्र दिलं, मुठीत मावेल एवढं, अंगठ्याने दाबलं की टक वाजून आकडा एकाने वाढवणारं.

"माणसं मोजू नका बरं का," ते तिच्या केसांकडे बघत म्हणाले.

बाकीचे पश्चिमेच्या बांधावर गेले. यामिनी आणि सासूबाई पूर्वेच्या आडोशात. आडोसा म्हणजे बोरूच्या चटयांची खोली, वर पत्रा, आत एक बाक, आणि समोरच्या चटईत डोळ्यांच्या उंचीवर कापलेल्या फटी. आत ओल्या गवताचा आणि जुन्या चहाचा वास. सासूबाईंनी थर्मासमधून तांदळाचं गोड पेय ओतलं, एक पेला तिला दिला. वाफेने तिची पापणी ओली झाली.

उजाडलं आणि तळं उठलं. आधी एका कुटुंबाने माना वरखाली करून सल्लामसलत केली, मग धावत, पाण्यावर पाय आपटत, ते चारही हवेत. मग दुसरं कुटुंब, तिसरं. टक, टक, टक. सगळं आकाश बडबडीने भरून गेलं. डोक्यावरून जाताना त्यांची पोटं उगवत्या उन्हात गुलाबी दिसत होती. यामिनीच्या गालांवरून पाणी येत होतं, थंडीचं की कशाचं, तिने पाहिलं नाही. अंगठा दुखेपर्यंत ती दाबत राहिली, आणि सासूबाई शेजारी पुटपुटत होत्या, "जा बाळांनो, जा, नीट जा."

शेवटची रांग गेली. आवाज लांब लांब होत विरला. यामिनीने यंत्र खिशात टाकलं.

तळं रिकामं होतं.

"आई," ती म्हणाली, "सगळे गेले ना?"

"माझ्याकडे बघू नकोस," सासूबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "समोर बघ."

ती फटीपाशी वाकली. गोठलेल्या कडेवर नुकतं ऊन पोचलं होतं आणि बर्फ इतका पांढरा झाला होता की आकार दिसेनात. मग त्या पांढऱ्यातलं एक पांढरं जरा पुढे आलं.

फार लांब नव्हतं. ते हंसासारखं उभं होतं. पण हंसाचं नुसतं उभं राहणं असतं. हे थांबलं होतं, दारात थांबतात तसं, घंटा वाजवून झाल्यावर. चेहरा तिच्याकडे होता. चेहरा होता, एवढंच तिला नंतरही सांगता आलं असतं. तिच्या पाठीच्या कण्यातून गार पाण्याची एक धार सरकत खाली गेली. तिला ओरडावंसं वाटलं नाही. तिला, कसं कोण जाणे, आपण घरात अस्ताव्यस्त असताना पाहुणा आल्यासारखं वाटलं.

आणि ते वाकलं.

कमरेतून, सावकाश, रीतीला धरून वाकलं.

सात वर्षं यामिनी या देशातल्या माणसांत राहिली होती. दुकानदार वाकला की ती वाकायची, पोस्टमन वाकला की वाकायची, इथल्या सगळ्यांसारखीच फोनवर बोलतानाही रिकाम्या भिंतीपुढे वाकायची. विचार करायला वेळच मिळाला नाही. कुणी वाकलं की पाठ वाकते. हात मांड्यांवर गेले, नजर खाली गेली, आणि ती त्या चटईच्या खोलीत, बाकापाशी, रीतीला धरून वाकली.

खाली तिला स्वतःच्या बुटांची टोकं दिसली.

चटईच्या पलीकडे, अगदी कानाशी, आवाज आला. टक.

ती ताठ झाली. फटीतून फक्त बर्फ दिसत होता, ऊन, आणि रिकामं तळं. सासूबाईंनी दोन्ही हातांत पेला धरलेला होता. त्यांचं यंत्र बाकावर पडलं होतं. तिचं स्वतःचं खिशात होतं.

"तुम्ही दाबलंत?" यामिनीचा आवाज चिरकला.

"मी कुणाला मोजू?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "उरलं होतं कोण मोजायचं?"

यामिनी बाकावर बसली. बाहेर काही हललं नाही. पायांचा आवाज नाही, पंखांचा नाही. तिने आपल्या अंगाकडे पाहिलं, हात, गुडघे, ओले हातमोजे, आणि तिला कळलं. कुणीतरी तिला मोजलं होतं. कुठे लिहून घेतात, कशासाठी मोजतात, हे तिने विचारलं नाही. या सगळ्याच्या तळाशी, लाज वाटावी इतकं साधं काहीतरी होतं.

"आई," ती म्हणाली, "मला फार भूक लागलीय."

"लागणारच," म्हणत सासूबाईंनी थर्मासचं झाकण फिरवलं. "चल."

७

सभागृहात स्टोव्ह धडधडत होता. यामिनी थेट स्वयंपाकघरात गेली. सारात आल्याचा वास होता. मुळा किसायचा राहिला होता. तोमिए-सान किसणी घेऊन उभ्या होत्या आणि तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आज किती जण बदकं, सूनबाई?"

"तोंड भरून गेलंय, नंतर सांगते," यामिनी म्हणाली. तिने भांड्यातला अळूचा एक कंद उचलून तोंडात टाकला होता आणि तो फार गरम होता.

वाट्या तिने मांडल्या. सासूबाई पुढे आल्या होत्या, पण मागे झाल्या. फळीवरून तिने सहा वाट्या घेतल्या, सहाही पुसल्या, टेबलावर ठेवल्या आणि पळी फिरवली. प्रत्येकीत मुळा, प्रत्येकीत मांस, प्रत्येकीवर कांद्याची पात. शेवटची तिने जरा जास्तच भरली. सहाव्या जागेपुढची उशी शूहेईने सरळ केली. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. खूश झाला की त्याचे कान लाल होतात, हे लग्नानंतर तिने स्वतः शोधलेलं पहिलं पाखरू होतं.

इगाराशी-सान हजेरी घेऊ लागले.

"हंस."

"हो." पाची आवाज.

"तलवार बदक."

"हो."

"घार."

"हो. माझा भाताचा गोळा घेऊन गेली," शूहेई म्हणाला. "आत खारवलेलं आंबट आलुबुखार होतं. तोंड वाकडं केलं असेल तिने."

"पांडा बदक."

"हो," यामिनी म्हणाली, आणि या वेळीही तिला हसू आलं. तोमिए-सानने तिचं हसू पाहिलं आणि सासूबाईंकडे बघून, हरल्यासारखी, मान हलवली.

नावं संपली. किटलीचं झाकण वाजत होतं. बाहेर छपरावरचा बर्फ सुटून थेंब थेंब पडत होता. इगाराशी-सान थोडं थांबले. त्यांची नजर यामिनीच्या केसांवरून खाली आली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांवर टेकली.

"आणि एकजण."

"हो," तोमिए-सान म्हणाल्या.

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"हो," शूहेई म्हणाला.

मग कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. इथे ढकलत नाहीत. सहाव्या वाटीतून वाफ वर येत होती. सरळ चढता चढता ती मध्येच वाकडी झाली, कुणीतरी हलकी फुंकर घालावी तशी. दारं बंद होती. यामिनीच्या मानेवर काटा उभा राहिला आणि तो तसाच उभा असताना तिने हात पुढे करून ती वाटी आणखी थोडी त्या बाजूला सरकवली.

मनातल्या मनात तिने त्या शब्दांचं मराठी केलं, आणि या वेळी 'तो' घातला नाही.

"हो, भेटले," ती म्हणाली. "आणि पुढच्या हिवाळ्यापासून वाट्या मीच मांडणार आहे, म्हणजे कुणाची कमी पडायची नाही."